चॅम्पियनसाठी लिहिलेला अर्ज

पाऊस ओसरला की हैदराबादेतल्या आमच्या काचीगुड्याच्या भागात ऋतुपालटाची वर्दी सर्वप्रथम देतो तो टेनिस कोर्टावरचा लोखंडी रोलर. पावसाळाभर त्या कोर्टावर गवत माजलेले असते, जाळी क्लबाच्या खोलीत गुंडाळून ठेवलेली असते, आणि पंचाच्या उंच खुर्चीवर कावळे निर्धास्त बसतात. मग एके सकाळी गवत उपटले जाते, तांबडा मुरूम पसरतात, त्यावर पाणी शिंपडतात, आणि तो जड रोलर कुरकुरत फिरू लागतो. त्याच सुमारास रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या येतात आणि बतुकम्मा या तेलंगणातल्या फुलांच्या सणासाठी तंगेडूच्या पिवळ्या रानफुलांचे ढीग विकायला मांडले जातात. ओला मुरूम, पिकलेली सीताफळे आणि ती रानफुले यांचा मिळून जो एक वास तयार होतो, तो मला पूर्वी अतिशय प्रिय होता. त्यात स्पर्धेचे दिवस होते, फक्कीच्या ताज्या पांढऱ्या रेषा होत्या, संध्याकाळच्या उन्हात चेंडूचा टप्प टप्प आवाज होता.

यंदा तो वास आला आणि मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागलो. कोणी पाहत नव्हते, तरीही मान खाली गेली. लाज ही एकदा वाटून संपणारी गोष्ट आहे असा माझा समज होता. तिलाही ऋतू असतो, आणि तो वर्षभराने त्याच वाटेने परत येतो, हे मला या वयात कळले.

मी अर्जनवीस आहे. सरकारी कचेरीच्या कुंपणाबाहेर, कडुलिंबाखाली माझे टेबल कित्येक वर्षांपासून आहे. जामबागेतल्या शाळेत माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे मी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर घेतले, आणि ते कोणत्याही पदवीहून कमी नाही असे मी मानतो. तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि मराठी अशा चार भाषांत माझी लेखणी चालते. माझ्या अर्जांनी विधवांची पेन्शन सुरू झाली आहे, तोडलेले नळ पुन्हा जोडले गेले आहेत, बदलीवर गेलेले कारकून आपल्या मुलाबाळांत परत आले आहेत. मोठमोठे अधिकारीसुद्धा मला ‘मुन्शीजी’ म्हणूनच हाक मारतात. हे मी आत्मप्रौढीने सांगत नाही. पुढे जे घडले ते याच प्रावीण्यातून घडले, म्हणून सांगणे भाग आहे.

अर्जाचे एक शास्त्र असते. आरंभी अर्जदाराची दैना, अखेरीस अधिकाऱ्याचा मोठेपणा, आणि या दोहोंच्या मधे, दोन भिंतींमधल्या बोळासारखी, मागणी. मागणी जितकी लहान, तितकी दैना मोठी असावी. अधिकारी हक्काला घाबरतो आणि दैन्याला पाझरतो. हक्काची भाषा वापरली की फाईल कपाटात जाते, दयेची वापरली की टेबलावर राहते. आणखी एक शिस्त आमच्या धंद्यात आहे: अर्ज लिहून झाला की तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. बाकावर इतर लोक बसलेले असतात, ते ऐकतात, कोणी हळहळतो. ती हळहळ ऐकली की मला माझ्या लेखणीचे वजन कळत असे. लोकांची दुःखे मी त्यांच्याच तोंडावर अशी वाचून दाखवत आलो, आणि ती ऐकताना त्यांना काय वाटत असेल याचा विचार माझ्या मनात कधीही आला नव्हता.

गोविंदरावांना आमच्या भागात कोणी नावाने हाक मारीत नसे. ते सर्वांचे ‘चॅम्पियनसाब’. आजोबांच्या काळी देगलूरकडची शेती सोडून त्यांचे घराणे निजामाच्या हैदराबादेत आले. स्वतः गोविंदराव सरकारी नोकरीत साधे कारकून. परंतु संध्याकाळी पांढरी फुल पँट घालून, कॉलरमध्ये रुमाल खोचून ते कोर्टावर उतरले, की कचेरीतला कारकून कुठल्या कुठे जाई. अर्धी चड्डी त्यांनी कधी घातली नाही. सर्व्हिस करण्यापूर्वी ते एकदा आकाशाकडे बघत, जणू कोणाचा पतंग पाहताहेत. आणि त्यांचा तो डाव्या बाजूचा कापलेला फटका: चेंडू जाळीवरून येई तो अगदी सभ्यपणे, आणि टप्पा पडला की मुरमावरून सरपटत निघून जाई. समोरचा खेळाडू वाकेपर्यंत गुण झालेला असे. आमच्या मराठी मंडळींनी फार पूर्वी काढलेल्या या क्लबाचा कप वर्षानुवर्षे त्यांच्याच घरी होता. सुधावहिनी त्यात उदबत्त्या ठेवीत. “ह्यांना हरवणारा एकच माणूस आहे,” त्या म्हणत, “आमचा भाजीवाला.”

परंतु काळ कोणाच्याही कापलेल्या फटक्याला फसत नाही. दोन वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात त्यांच्या पोटरीला गोळे आले. समोर चैतन्य होता. गोविंदरावांच्याच नल्लकुंट्यातल्या एका मराठी घरातला तरुण, हायटेक सिटीत नोकरीला, हातात असा जोर की चेंडू दिसण्याआधी ऐकू यावा. गोविंदराव लंगडत, युक्तीने, कसेबसे जिंकले. कप घरी गेला, पण दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात एक शब्द येऊन बसला: ‘संपले’.

“शेर बुड्ढा हुआ तो भी घास नईं खाता, मियाँ,” गल्ल्यावरचे करीमभाई म्हणाले.

“हौ, लेकिन दाँताँ गिर गए तो क्या खाता?” कोणीतरी चहा ओतता ओतता विचारले.

“खिचडी खाता. घर में भाभी पकातीं.”

सगळे हसले. मीही हसलो. एवढेच नव्हे, मी बशी खाली ठेवून, घसा साफ करून म्हणालो, की उदय पावणाऱ्याला अस्त चुकत नाही, आणि शहाण्याने टाळ्या चालू असतानाच उठावे. लोकांनी माना डोलावल्या. सुभाषितासारखे बोलण्याची मला सवय आहे. ती सवय किती स्वस्त असते हे हॉटेलात कधी कळत नाही.

याच टेबलावर त्या परदेशी चॅम्पियनचीही चर्चा होई, जो टीव्हीवर विलायतेतल्या हिरवळीवर खेळताना आम्ही पाहत असू. त्याचाही शेवट दरवर्षी जाहीर होई. गुडघ्याला पट्टी बांधून तो दरवर्षी परत येई, आणि निम्मे लोक त्याच्या हरण्याची वाट पाहत जागत, निम्मे जिंकण्याची. त्याची सद्दी संपली की नाही, याचा निकाल आम्ही चहाच्या एका कपात लावत असू. निकाल लावण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला, असा प्रश्न कोणाला पडला नाही. तो अधिकार समोरच्या खेळाडूचा असतो, आणि फक्त त्याचाच असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मागच्या वर्षी, सीताफळांच्या याच दिवसांत, क्लबाच्या कमिटीने नवा नियम केला. पन्नाशी ओलांडलेल्यांनी यापुढे ज्येष्ठ गटात खेळावे. हा ज्येष्ठ गट म्हणजे सकाळच्या कोवळ्या उन्हात चालणारा एक प्रेमळ प्रकार. प्रत्येक चुकलेल्या फटक्यालाही ‘वा वा’ मिळते, मधे दोनदा चहा होतो, आणि शेवटी जिंकणाऱ्याला नि हरणाऱ्याला सारखाच स्टीलचा डबा देतात.

नियमाची पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी गोविंदराव माझ्या टेबलाशी आले. खांद्याला रॅकेटची पिशवी, पायांत खडूने पांढरे केलेले बूट.

“मुन्शीजी, एक अर्ज लिहायचाय.”

“कोणाला?”

“कमिटीला. मला खुल्या गटात खेळू द्या म्हणावं. जो मला पाडेल त्याच्या हातात कप देऊन मी आपला आपण बाहेर पडतो. तोवर वयाचं काय काढून बसलात, असं लिहा.”

“रावसाहेब, ही तर धमकी झाली. अर्जात असली भाषा चालत नाही.”

“मग कसली चालते?”

“ते माझ्यावर सोडा. तुम्हाला सर्व्हिस कशी करायची हे मी शिकवतो का?”

ते हसले आणि बाकावर टेकले. त्यांच्या शेजारी एक म्हातारी पेन्शनच्या कामासाठी थांबली होती. मी कागद ओढला. माझे मन त्या दिवशी प्रसन्न होते. आमच्या भागातला सर्वात मोठा माणूस माझ्याकडे काम घेऊन आला होता, आणि मी त्याला माझ्याजवळचे सर्वोत्तम द्यायचे ठरवले. माझ्याजवळ सर्वोत्तम म्हणून एकच वस्तू होती. तीच मी विधवेला देतो, अपंगाला देतो, नोकरी सुटलेल्याला देतो. तीच मी चॅम्पियनला दिली.

लिहून झाल्यावर मी उभा राहिलो आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचू लागलो. अर्जदार वयोवृद्ध असून त्याची प्रकृती दिवसेंदिवस खालावत आहे. या खेळाखेरीज त्यास जीवनात अन्य आधार उरलेला नाही, तो सर्वस्वी निराधार आहे. आपण मायबाप आहात. उरलेल्या थोडक्या दिवसांत या दुर्बळ जीवाची एवढी इच्छा पदरात घ्यावी, आपल्या मुलाबाळांना तो मरेपर्यंत दुवा देईल.

माझा आवाज चढत गेला होता. वाक्ये जागच्या जागी बसली होती. मी थांबलो तेव्हा त्या म्हातारीने पदराने डोळे टिपले. मराठी तिला कितपत कळले कोण जाणे, सूर मात्र कळला. तिने शेजारी बसलेल्या गोविंदरावांकडे पाहिले आणि तेलुगूत म्हणाली, “अय्यो, पापम.” अरेरे, बिचारा.

गोविंदराव बुटांकडे पाहत होते.

“माझी प्रकृती चांगली आहे, मुन्शीजी.”

“असू द्या की. अर्जातली प्रकृती वेगळी असते.”

“असंच लिहितात?”

“असंच लिहितात. यानेच काम होतं.”

त्यांनी कागद हातात घेऊन त्यावरून बोट फिरवले. मला वाटले, माझ्या शब्दांनी त्यांना भरून आले. “तुम्ही जाणकार,” असे म्हणून त्यांनी सही केली. आपल्याला न येणाऱ्या विद्येवर भल्या माणसाने ठेवलेला हा विश्वास होता. त्याच विश्वासाने आपण वैद्याच्या हातात हात देतो. ती सही आठवली की आजही माझ्या कानाच्या पाळ्या तापतात.

अर्ज तत्काळ मंजूर झाला. क्लबाचे सेक्रेटरी नानासाहेब हे हळव्या मनाचे गृहस्थ. त्यांनी अर्जावर ‘सहानुभूतिपूर्वक मंजूर’ असा शेरा मारला आणि सर्वांच्या माहितीसाठी तो जसाच्या तसा क्लबाच्या फळ्यावर लावला. मी संध्याकाळी मुद्दाम तिकडून जात असे. लोक अर्ज वाचताना मी लांब उभा राहून त्यांचे चेहरे पाहत असे. कोणी च्च च्च करी. एकाने मला विचारले, “काय झालंय हो चॅम्पियनसाबना?” आणि मी, ज्याने ते सारे कल्पनेने रचले होते, गंभीरपणे म्हणालो, “वय.”

त्या स्पर्धेच्या संध्याकाळी मला आठवतात त्या सुट्या सुट्या. दव पडू लागल्यामुळे जड झालेले चेंडू. चहाची वाफ. कुंपणापलीकडून जाणारी गाडी आणि तिच्या आवाजापुरता थांबलेला खेळ. गोविंदराव एकेक फेरी जिंकत होते, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. टाळ्यांचा आवाज मात्र बदलला होता. पूर्वी तो कडकडाट होता. आता तो आजाऱ्याच्या खोलीत बोलावे तसा झाला होता. समोरचे खेळाडू त्यांना चेंडू उचलू देत नसत, स्वतः जाळीपर्यंत आणून हातात देत. पाणी हवे का विचारत. मी हे सर्व पाहिले, आणि याला मी आदर समजलो.

अंतिम सामना पुन्हा चैतन्यशी. त्या दिवशी मी पुढच्या रांगेत, नानासाहेबांच्या शेजारी बसलो होतो. पहिल्या दोन-तीन डावांतच काहीतरी बिनसल्यासारखे वाटले. ज्याच्या सर्व्हिसला कोर्टामागचे पत्रे वाजत, त्याचे चेंडू गोविंदरावांच्या हाताशी येऊन अदबीने उसळत होते. जाळीजवळ सोपा चेंडू आला की तो रिकाम्या कोपऱ्यात मारण्याऐवजी चैतन्य गोविंदराव उभे असतील तिथेच टाकी. त्यांना धावावे लागू नये याची तो काळजी घेत होता. एकदा गोविंदराव थांबले. चेंडू हातात घेऊन, अंगठ्याने दाबून, जाळीपलीकडे बघत राहिले. चैतन्यने नजर खाली वळवली. मग त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि सर्व्हिस केली.

ते जिंकले. कप स्वीकारताना त्यांचे डोळे कोणाच्याही डोळ्यांना भिडले नाहीत. त्यांच्या गळ्यात हार मी घातला. भाषणही मी केले. जिद्दीपुढे वय झुकते, असे काहीतरी मी म्हणालो.

त्यानंतरच्या रविवारी मी सीताफळे घेऊन त्यांच्या नल्लकुंट्याच्या घरी गेलो. आभाराचे दोन शब्द ऐकावेत अशी माझी अपेक्षा होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. दार सुधावहिनींनी उघडले. त्यांनी फळांची पिशवी घेतली नाही.

“भाऊजी, तुम्ही ह्यांना निराधार लिहिलंत?”

“वहिनी, ती एक अर्जाची पद्धत असते.”

“मी मेले होते का? का मुलीला आम्ही दत्तक देऊन टाकलीय? अख्खा क्लब मला विचारतोय, ह्यांचं ऑपरेशन कधी आहे म्हणून. परवा एक बाई डबा घेऊन आली. पथ्याची खिचडी.”

“सुधा, आत ये,” गोविंदराव आतून म्हणाले.

ते खिडकीशी बसले होते. मी समोर बसलो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

“पोरगा हळू खेळला,” ते म्हणाले.

मी म्हणालो, तसे काही नसेल, आपल्या कापलेल्या फटक्यापुढे भल्याभल्यांची...

“मुन्शीजी. चेंडूचं वजन हाताला कळतं. तुम्हाला नाही कळणार, मला कळतं.” त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते. “मी जिंकलो असतो की हरलो असतो, एवढंच मला हवं होतं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. आता यातलं काहीच माझ्याजवळ नाही.”

मी सीताफळे तशीच परत घेऊन आलो. वाटेत ती कोणाला तरी देऊन टाकावीत असे वाटले, पण द्यायला हात धजेना. दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या हातात काय होऊन बसते, याचा त्या दिवशी मला धाक बसला होता.

मी चैतन्यला गाठले. निदान त्याच्याकडून खरे कळेल, आणि ते मी गोविंदरावांना नेऊन देईन, असा माझा हिशेब. तो गाडी पुसत होता.

“काका, ॲक्च्युअली मला मराठी एवढं फास्ट वाचता येत नाही. मी त्या पेपरचा फोटो काढून आईला दाखवला. आई बोलली, हार्टचं काहीतरी असेल रे, जपून खेळ, नाहीतर जन्मभर डोक्यात राहील.”

“मग तू मुद्दाम हरलास?”

“नाही ना. फर्स्ट सेटला हळू मारलं, ते खरं. सेकंडला मला लाज वाटली, बोललो आता नीट खेळू या. पण हातच चालेना. एकदा हळू मारायचं ठरवलं की मग हात ऐकत नाही, काका. आणि अंकल पण मस्त खेळत होते.” त्याने फडका पिळला. “खरं सांगू? मलाच माहीत नाही.”

म्हणजे ते उत्तर जगात कोणाजवळच नव्हते. चोरी गेलेली वस्तू निदान चोराजवळ तरी असते.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. टीव्हीवर तो परदेशी चॅम्पियन यंदा हरला. समोर त्याच्या निम्म्या वयाचा मुलगा होता, आणि त्या मुलाने त्याला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात निर्दयपणे पळवले. हॉटेलात सगळे हळहळत होते. मला मात्र त्या हरणाऱ्याचा हेवा वाटला. हजारो माणसांसमोर तो हरला, पण जे हरला ते पूर्णपणे त्याचे स्वतःचे होते. त्याच्या वतीने कोणी कळवळून काही लिहिले नव्हते. त्याच्या वयाची कीव करायला समोरच्याला सवड मिळाली नव्हती. करीमभाईंनी मला विचारले, “क्या मुन्शीजी, खतम हुआ की नहीं? तुम बोलो.” मी म्हणालो, “उसी को पूछो.” लोकांना वाटले, मला बरे नाही.

माझ्या टेबलावरही काही बदलले आहे. अर्ज वाचून दाखवताना आता मी आवाज खाली ठेवतो. मधेच थांबून विचारतो, हे असेच आहे ना? बहुतेक जण हो म्हणतात, कारण त्यांना काम हवे असते. पण मागे एका विधवेने ‘दुर्बळ’ या शब्दाशी मला थांबवले आणि म्हणाली, “तो काढा. मी चार घरची कामं करते.” मी शब्द काढला. तिच्यापूर्वी किती जणांनी तो निमूटपणे ऐकून घेतला असेल, हे मोजण्याचे धाडस मी केले नाही.

यंदा रोलर फिरू लागला तेव्हा गोविंदरावांचे नाव कोणत्याच गटात नव्हते. नानासाहेबांनी माणूस पाठवला होता, त्याला त्यांनी नम्रपणे परत पाठवले. “पुन्हा खेळून काय?” असे ते म्हणाल्याचे मी ऐकले. “इथे आता मला कोणी खरा फटका मारणार नाही. दया एकदा आली की मुक्कामाला राहते.”

आणि मग एके दुपारी ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी उठून उभा राहिलो.

“रविवारी मोकळे आहात का?”

“आपल्यासाठी केव्हाही.”

“निजामाबादला खुली स्पर्धा आहे. वयाची अट नाही. फॉर्म मी स्वतः भरलाय.” ‘स्वतः’ या शब्दावर त्यांनी जोर दिला नव्हता, तरी तो मला लागला. “सुधा यायला तयार नाही. म्हणते, हरताना बघवणार नाही. कोणीतरी ओळखीचं असावं म्हणून विचारतो. एकच. तुम्ही तिथे काही बोलायचं नाही.”

काचीगुड्याहून आम्ही सकाळची गाडी धरली. खिडकीतून कापणीला आलेला भात दिसत होता, आणि पुढे पुढे हळदीची रुंद, हिरवी पाने. गोविंदराव बाहेर पाहत होते. मी त्यांना मागच्या वर्षाबद्दल काही म्हणावे अशी वाक्ये जुळवत होतो. माझी वाक्ये नेहमी चांगली जुळतात. त्या दिवशीही जुळली, आणि म्हणूनच मी ती उच्चारली नाहीत.

निजामाबादचे कोर्ट सिमेंटचे होते, उन्हाने तापलेले. समोर व्यायाम शिक्षणाच्या कॉलेजातला एक तेलुगू तरुण होता, उंच, घामाने निथळणारा, दुसऱ्या सामन्याला उशीर होतोय म्हणून घाईत असलेला. त्याने गोविंदरावांकडे एकदा पाहिले, आणि त्या पाहण्यात काहीच नव्हते. मी सिमेंटच्या पायरीवर बसलो होतो. शेजारच्या माणसाने विचारले, “ये बुड्ढे साब कौन हैं?” माझ्या जिभेवर वर्षानुवर्षांचे कप आले, तो सरपटणारा फटका आला, सारा काचीगुडा आला. मी म्हणालो, “प्लेयर हैं.”

सिमेंटवर त्यांचा कापलेला चेंडू सरपटेना. तो उसळून थेट त्या मुलाच्या रॅकेटसमोर येई, आणि मुलगा तो परत अशा वेगाने मारी की गोविंदरावांचे पाऊल उचलेपर्यंत पंचाने गुण पुकारलेला असे. ते धावले. उजवीकडे, डावीकडे, पुढे. पांढऱ्या पँटच्या गुडघ्याला डाग पडला. एकदा ते जाळीजवळ आले आणि मुलाने संपूर्ण ताकदीनिशी चेंडू सरळ त्यांच्या छातीवर हाणला. तो आवाज मला पायरीपर्यंत ऐकू आला. मी अर्धा उठलो. मुलाने रिवाजापुरता हात वर केला आणि वळून आपल्या जागी चालू लागला. गोविंदराव छातीवर तळवा ठेवून उभे होते, आणि त्यांचा चेहरा उजळला होता. तो चेहरा मी मागच्या संपूर्ण वर्षात पाहिला नव्हता.

सामना फार वेळ चालला नाही. हातात हात दिला, मुलगा पुढच्या सामन्याला पळाला. त्याने नावही विचारले नाही.

परतीच्या गाडीत डबा बराच रिकामा होता. गोविंदरावांनी शर्टाची वरची बटणे सोडली. छातीवर गोल, लाल, कडेने निळा पडत चाललेला वळ होता.

“बघा, कसा हाणलाय.” ते बोटाने तो दाबून पाहत होते. दुखत होते, आणि ते हसत होते. मग हसू हळूहळू ओसरले. “चैतूच्या हातात याहून जास्त जोर आहे,” ते म्हणाले. “म्हणजे मागच्या वर्षी मी हरलो असतो.”

खिडकीबाहेर ऊन उतरत होते. त्यांनी ते वाक्य आणखी एकदा, स्वतःशीच म्हटले, आणि मान हलवली. वर्षभर अडलेले काहीतरी त्यांचे त्यांना मिळाले होते.

“रावसाहेब,” मी म्हणालो, “मला एक सांगायचंय. मी आपला फार मोठा...”

“नको.” त्यांनी बटणे लावली. “तुमची माफीसुद्धा अर्जासारखीच निघेल. वाईट वाटून घेऊ नका, पण निघेल.”

त्यांचे म्हणणे खरे होते. माझ्या मनात जे वाक्य तयार होते त्यात ‘पदरात घ्यावे’ हे शब्द होते.

काचीगुडा आले तेव्हा दिवे लागत होते. प्लॅटफॉर्मवर उतरताना त्यांचा गुडघा आखडला, ते क्षणभर दांडी धरून राहिले. रॅकेट, बूट, ओला टॉवेल यांनी भरलेली पिशवी जड झाली होती. ती उचलायला माझा हात सवयीने पुढे झाला, आणि मी तो मागे घेतला. त्यांनी पिशवी खांद्यावर टाकली आणि पुलाचा जिना चढू लागले. अर्ध्यावर ते दम घ्यायला थांबले. मागून माणसे येत होती, बाजूने वाट काढून जात होती. मीही थांबलो, दोन पायऱ्या खाली, पाठीमागे, त्यांनी पुन्हा पाऊल उचलेपर्यंत.